सात बिया वाहून गेल्या, मग बाग आखली

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे काढलेत, सगळे निघाले नाहीत.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पगारवाढ नाही. आज बाग. ज्यांनी आयुष्यात मोबाईलवर रील बघण्यापलीकडे झाड लावलेलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग आहे. मीही त्यातलीच. माझी बाग म्हणजे हिंजवडीच्या फ्लॅटच्या गॅलरीतला एक मनी प्लांट, आणि तोही रूममेटचा.

बाग करायची होती आत्याची. माझी आत्या तळीयेची. म्हणजे माहेर महाडचं, दिलं तळीयेला. महाडहून बिरवाडी, वरंधकडे जाणारा रस्ता आणि मग आत वळायचं. नाव तुम्ही ऐकलं असेल. २२ जुलै २०२१, गुरुवार. संध्याकाळच्या आधी डोंगर खाली आला आणि कोंढाळकरवाडी गाडली गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सावित्री तिथूनच उगम पावते, त्यामुळे महाडमध्ये आमच्या घरात तळमजल्यावर पाणी होतं. फोन बंद, रस्ते बंद. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून एकच नंबर लावत होते.

आत्याचं घर दुसऱ्या वाडीत. घर वाचलं, ती वाचली. पण वरच्या उताराखाली आता राहायचं नाही असं ठरलं. मधली वर्षं तिने कधी आमच्याकडे, कधी मुलाकडे काढली, आणि मग नवीन वसाहतीत घर मिळालं. घर चांगलं आहे. पण भोवती काय? दाबलेला मुरूम. एक गवताची काडी नाही. आत्या पहिल्या दिवशी मागच्या दाराच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "भांडी घासून पानी टाकायचं कुठं?" मला वाटलं ती तक्रार करतेय. ती बाग आखत होती, हे मला दीड वर्षाने कळलं.

तर मे महिना. मी शनिवार-रविवार जोडून सुट्टी घेतली आणि गेले. बरोबर टेप, लॅपटॉप आणि प्रचंड आत्मविश्वास. लोणेऱ्याहून बीटेक केलंय, पाच वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय, चौदा फूट रुंद जागेची बाग काय अवघड आहे? मागची जागा मोजली. सव्वीस फूट बाय चौदा. एक्सेलमध्ये एक चौकोन म्हणजे एक फूट असा नकाशा केला. झाडांची यादी केली: हापूसची दोन कलमं, एक नारळ, एक कोकम, शेवगा, लिंबू, पेरू, चिकू, केळी, फणस, सीताफळ. अकरा झाडं. हसू नका, रंग पण दिले होते प्रत्येकाला.

आता गणित ऐका. हापूसची कलमं साधारण दहा मीटर अंतरावर लावतात. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. माझी अख्खी जागा सव्वीस फूट लांब. नारळाला साडेसात मीटर लागतात, कोकमाला सहा. म्हणजे त्या जागेत एक आंबासुद्धा नीट मावत नव्हता आणि मी अकरा झाडं बसवली होती. चूक कुठे झाली? मी रोपाचा आकार धरला. नर्सरीत पिशवीतलं रोप हातभर असतं. नवशिक्याने पहिली गोष्ट हीच करावी. झाड आणायच्या आधी ते पंधरा वर्षांनी केवढं होईल ते विचारा आणि तेवढा गोल जमिनीवर चुन्याने काढा. निम्मी यादी तिथेच गळते. घराच्या भिंतीपासून फणस, आंबा वगैरे लांबच. शेवगा पटकन वाढतो पण त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी छपरावर येते.

आत्याने नकाशा बघितला. ती म्हणाली, "छान हाय. वाल कुठं वाळवायचं?"

मी म्हटलं, काय?

"वाल, मिरच्या, पापड. कुठं वाळवायचं? समदीकडं झाडंच हायत."

तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर तुम्हाला ही वेळ माहीत आहे. डेमोच्या दिवशी क्लायंट एक साधा प्रश्न विचारतो आणि कळतं की रिक्वायरमेंट आपण घेतल्याच नाहीत. मला बाग म्हणजे भरलेली जागा वाटत होती. तिला आधी मोकळं अंगण हवं होतं, उन्हाचं, सारवलेलं, जिथे वाळवण घालता येईल, बायका येऊन बसतील. मग उरलेल्या जागेत बाग. मी ते ऐकलं, मान डोलावली, आणि पुढच्या चुका तरीही केल्या.

आता बियांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आत्याकडे एक डबा होता. ॲल्युमिनियमचा, आत चुलीची राख, आणि राखेत कापडाची पुरचुंडी. पुरचुंडीत पडवळाच्या अकरा बिया. हे बी कोंढाळकरवाडीतल्या तिच्या मैत्रिणीने दिलेलं. दोघी दरवर्षी बी अदलाबदल करायच्या, हिचा चिबूड तिच्याकडे, तिचं पडवळ हिच्याकडे. २०२० च्या पावसाळ्यातलं हे शेवटचं बी. त्या मैत्रिणीबद्दल मी जास्त सांगणार नाही, आत्या पण सांगत नाही. ती डबा घेऊन घर सोडताना निघाली होती, एवढंच मला माहीत आहे.

राखेत बी ठेवायची पद्धत जुनी आहे. राख कोरडी असते, ओल धरून ठेवते, कीड येऊ देत नाही. कोरडं राहिलं तर वेलभाज्यांचं बी काही वर्षं टिकतं. पण दरवर्षी त्यातलं थोडं थोडं मरत जातं. म्हणजे घाई होती.

जूनच्या पहिल्या पावसाला मी परत गेले. घराच्या मागे, भिंतीला लागून, दोन फूट रुंद आणि लांबच लांब वाफा केला होता. भिंतीला लागून का? तर नकाशात तिथे सुंदर दिसत होता. वेल दोरीवरून भिंतीवर चढतील, मागची भिंत हिरवी होईल, असला पिंटरेस्ट विचार. बाहेरून माती आणली, शेणखत मिसळलं. आत्या म्हणाली, "हितं नको, पागोळ्या पडतील." मी म्हटलं, पाणी मिळालं तर चांगलंच ना! आणि अकरातल्या सात बिया मी तिथे लावल्या. तिने चार हातात धरून ठेवल्या. दिल्या नाहीत.

चार दिवसांनी, मी पुण्याला परत आल्यावर, रात्रभर पाऊस झाला. आत्याने फोन केला तेव्हा बाकी सगळं बोलली, बियांबद्दल काही बोलली नाही. मीच विचारलं. "गेलं पान्याबरोबर," एवढंच म्हणाली.

आता हे गणित मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. सोपं आहे, लक्षात ठेवा. घराच्या छपराचा मागचा उतार धरा तीस चौरस मीटर. महाड भागात एका दिवसात दीडशे मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पुण्यात साधारण सातशे. तर तीस गुणिले दीडशे, साडेचार हजार लिटर. जवळजवळ टँकरभर पाणी, आठ-दहा फुटांवरून, एका रेषेत, माझ्या दोन फुटी वाफ्यावर. माती तर गेलीच, खालचा मुरूम उघडा पडला. पाणी मिळणं आणि पाण्याचा मारा बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बाईने आधीच सांगितलं होतं, फक्त तिने लिटरमध्ये सांगितलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. म्हणजे प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवल्यावर वाटतं तसं, आणि इथे बॅकअप म्हणजे चार बिया.

वाईट वाटलं की इंजिनिअर काय करतो? आणखी एक उपाय शोधतो. मी रात्री व्हिडिओ बघत बसले. घराच्या मागे जागा संपते तिथे कंबरभर उंचीचा उतार आहे, भराव घातलेला. मी ठरवलं की त्या उताराच्या वरच्या कडेला आडवा चर खणायचा. वरून येणारं पाणी चरात थांबेल, मुरेल, वाफ्यांवर येणार नाही, आणि उन्हाळ्यात ओल राहील. पाणी अडवा, पाणी जिरवा. शाळेत भिंतीवर वाचलेलं आहे आपण सगळ्यांनी. जुलैच्या मध्यावर मी कुदळ घेऊन सुरू पण केलं. हातभर लांब खणलं असेल.

आत्या बाहेर आली. तिने कुदळ माझ्या हातातून काढून घेतली. रागावली नाही, ओरडली नाही. चराच्या जागेवर बसली. पाऊस भुरभुरत होता. म्हणाली, "घराच्या वरती पानी मुरवायचं नाय." मी समजावत होते की आत्या, हा केवढासा चढ आहे. ती परत तेच म्हणाली. मग म्हणाली, "डोंगर पानी पितो, पितो, आन मग येतो."

मी गप्प बसले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ती जे म्हणत होती त्याला भूशास्त्रातही तेच कारण देतात. माती उतारावर टिकते ती कणाला कण घासून धरून ठेवतात म्हणून. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरलं की ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं, पकड सुटते, आणि वर पाण्याने वजन वाढलेलं असतंच. खाली कठीण खडक आणि वर मऊ माती असेल तर पाणी त्या दोघांच्या सांध्यावर साठतं. 'पाणी जिरवा' हे सपाट माळाला, कमी पावसाच्या भागाला, नीट आखून केलेल्या कामाला ठीक. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याची टंचाई नसते. इथे घराच्या वरच्या बाजूला पाणी साठवायचं नसतं, ते लवकरात लवकर, शांतपणे, बाजूने काढून द्यायचं असतं. माझ्या कंबरभर उतारामुळे गाव गाडलं गेलं नसतं, हे खरं. पण भराव खचला असता आणि पाणी घराच्या पायात गेलं असतं. आणि तिने ते तिथे बसून का सांगितलं, हे मला बावीस तारखेला आठ दिवस राहिले असताना कळायला हवं होतं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगते, कारण ऐकणाऱ्यांत घाटमाथ्याखालचे बरेच जण असतील. उतारावर वाळा लावा, गवत राहू द्या, चांगलंच आहे. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, वरची माती धरून ठेवतात. पण वाळा लावला म्हणजे दरड थांबली असं समजू नका. मोठी दरड मुळांच्या कितीतरी खालून सुटते. जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा नव्या जागी पाणी फुटलं, तर बाग बिग सोडा, माणसं हलवा आणि तलाठी, पोलीसपाटील, जो भेटेल त्याला कळवा. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातच दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या होत्या. २०२३ ला खालापूरजवळ इर्शाळवाडी. दर वेळी जुलै.

बरं. चर बुजवला. आता पुढची चूक ऐका, ही जरा मजेशीर आहे.

दिवाळीनंतर मी वाल लावले, कारण वाल म्हणजे आमच्या भागातली हमखास गोष्ट. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर येतात, फार पाणी मागत नाहीत. मागच्या जागेत लावले. मागची बाजू उत्तरेची. मे महिन्यात मी स्वतः बघितलं होतं, तिथे दिवसभर ऊन. फोटो आहेत. वाल उगवले, वाढले, पानंच पानं, आणि शेंगा नावाला. डिसेंबरात मी गेले तर मागे थंडगार सावली. मी वेड्यासारखी घराकडे बघत उभी. घर हललं होतं का?

सूर्य हलला होता. महाड साधारण अठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस ऐकला असेल, तो याच दोन टोकांना येतो. त्या काळात घराच्या उत्तरेला मस्त ऊन. आणि डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला एवढा खाली असतो की अकरा फूट उंच घराची सावली उत्तरेला जवळजवळ दहा फूट पडते. माझी जागा चौदा फूट. दहा फूट सावलीत, आणि मी नेमके भिंतीजवळचे दहा फूट वापरले होते. इंग्रजी व्हिडिओत सांगतात, उत्तर बाजू म्हणजे कायम सावली. तेही आपल्याकडे खोटं, आणि माझे मे महिन्यातले फोटो पण खोटे. बारा महिने न बघता आखलेली बाग म्हणजे एका टेस्ट केसवर रिलीज केलेला कोड.

यावर उपाय सोपा आहे, पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता अंगणाचा एकाच जागेवरून फोटो काढा. वर्षभर. ते जमत नसेल तर सूर्याची वाट दाखवणारी ॲप मोबाईलवर मिळतात, त्यात २१ डिसेंबर तारीख टाकून बघा. किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की थंडीत ऊन शेकायला कुठे बसायचात. आत्या पुढच्या अंगणात बसते. दक्षिणेला. अर्थात.

मग मी नकाशा डिलीट केला. म्हणजे खरंच केला. आणि वर्षभर आत्याच्या मागे मागे फिरून ती काय करते ते लिहून काढलं. ही सगळी आखणी तिची आहे, मी फक्त टेप धरली.

सगळ्यात आधी पाणी. मागच्या बाजूला पागोळ्या पडतात त्या रेषेत आम्ही दीड फूट रुंद पट्टा खणून खडी भरली. पाणी खडीवर पडतं, माती उडत नाही. छपराला पन्हळ लावली, तिचं पाणी बाजूच्या गटाराकडे. मागे भिंतीपासून पाच फुटांत काही लावायचं नाही, ती जायची-यायची वाट. वाट केवढी ठेवायची? नकाशात मी दीड फूट ठेवली होती. आत्या डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चालली तेव्हा कळलं की तीन फुटांपेक्षा कमी चालणार नाही.

मग सांडपाणी. तो पहिल्या दिवसाचा प्रश्न. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी एका पाटाने बाहेर काढलं आणि तिथे केळी, कर्दळ आणि अळू. या तिघांना ओल आवडते, साबणाचं थोडं पाणी चालतं, डबकं साचू देत नाहीत. खाण्याचा अळू मात्र पाटाच्या टोकाला, पाणी जरा निवळून येतं तिथे. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी मोजकंच येतं, तेव्हा पूर्ण बागेत हाच कोपरा हिरवा असतो.

मग माती. दाबलेल्या मुरमात झाड लावायच्या आधी एक परीक्षा करा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच असेल तर तिथे मुळं कुजणार. आमच्याकडे तसंच होतं. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे, जमिनीपासून हातभर वर. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नाही, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायचा नाही. पालापाचोळा, शेणखत, भाताचं तूस, थोडी शेतातली माती. पहिल्या वर्षी ते खाली बसतं, घाबरू नका, परत भरा. आणि उन्हाळ्यात उलटं: आळी खोल, वर पेंढ्याचं आच्छादन, मिरचीच्या रोपांमध्ये एक सच्छिद्र मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. मडकं भरून ठेवलं की ते हळूहळू पाझरत राहतं.

काय लावलं? कमी. अकरा झाडांपैकी एक लिंबू आणि एक कढीपत्ता. हळद आणि आलं भरपूर, कारण माकडं. माकडांबद्दल वेगळा भाग करावा लागेल. काकडी, दोडका, पेरू, सगळं लुटतात, पण हळदीच्या वाट्याला आमच्याकडे तरी जात नाहीत. कोनफळ आणि करांदे कडेला. दारासमोर तुळस, आणि अबोली. अबोली जुन्या घरच्या अंगणातली. थंडीत, सगळं कोरडं असताना, आम्ही एकदा वर जाऊन ती उपटून आणली. तिथे फणस आहे अजून. आत्याने फणसाला हात लावला आणि म्हणाली, चल.

टाकळा, कुर्डू, फोडशी मी लावायला निघाले होते. आत्या एवढं हसली. पहिल्या पावसात ते आपोआप येतात, रस्त्याच्या कडेला.

अंगणाचा मधला भाग मोकळा. पूर्ण मोकळा. मी मनातल्या मनात अजून तिथे एक मोगरा लावते, पण मोकळा आहे.

आणि पुढे, अंगणाच्या पश्चिम कडेला, बांबूचा मांडव. उंची सात फूट, कारण खाली माणूस सरळ उभा राहिला पाहिजे आणि वरून लांब फळ लोंबलं पाहिजे. पावसाळ्यात त्यावर वेल, थंडीत वेल वाळून जातो तेव्हा ऊन मोकळं. पश्चिमेचं दुपारचं ऊन घरात येत नाही. आत्याने एवढं बोलून नाही दाखवलं, तिने फक्त चार बांबू रोवले.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तिने त्या चार बिया काढल्या. माझ्या हातात दिल्या. मला नको होत्या, खरं सांगते. या वेळी जमिनीत थेट लावल्या नाहीत. रात्रभर कोमट पाण्यात, मग ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या उबेला. पडवळाचं कवच जाड असतं, वेळ घेतं. सहाव्या दिवशी एकीला मोड. आठव्या दिवशी दुसरीला. उरलेल्या दोन फुगल्या आणि कुजल्या. दोन रोपं शेणखत-मातीच्या द्रोणांत वाढवली आणि चार पानांवर आल्यावर मांडवाखाली लावली. एक रोप तिसऱ्या रात्री गोगलगाईंनी खाल्लं. बुंध्यापर्यंत. तेव्हापासून दुसऱ्याभोवती राखेचं कडं, आणि पाऊस राख धुऊन नेतो म्हणून रात्री टॉर्च घेऊन आत्या स्वतः. मी पुण्याहून रोज फोन करून विचारायचे, जसं काही घरात कोणी आजारी आहे.

वेल मांडवावर गेला. पडवळाची फुलं संध्याकाळनंतर उमलतात, पांढरी, कडेला दोऱ्या सुटल्यासारखी. आधी नुसती नर फुलं येतात, मी घाबरले. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं पडवळ दिसतं, ते उशिरा येतं. एकच वेल असला तरी चालतं, दोन्ही फुलं त्याच वेलावर असतात. परागीकरण रात्रीच्या पतंगांवर न सोडता आम्ही टॉर्चच्या उजेडात नर फूल तोडून मादी फुलाला लावलं. आत्या म्हणाली, "ह्ये कधी केलं नव्हतं." पण तिनेच जास्त नीट केलं.

सात पडवळं धरली. टोकाला दोरीने छोटा दगड बांधला की ते सरळ वाढतं, नाहीतर गुंडाळी होते. मांडवाखाली दगड लोंबताहेत, शेजारची पोरं डोक्याला लागतात म्हणून वाकून पळताहेत. चार माकडांनी नेली. दोनची भाजी झाली, चण्याची डाळ घालून. एक तोडायचं नाही असं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. त्याला आत्याने जुनी साडी फाडून पिशवी शिवली, माकडांना दिसू नये म्हणून. ते पिकलं, नारिंगी झालं, मऊ पडलं. आतल्या लाल गरातून बिया काढल्या, धुतल्या, सुपात वाळवल्या.

चव्वेचाळीस निघाल्या. मी मोजल्या, दोनदा.

आत्याने वाटण्या केल्या. वसाहतीत पाच घरांना पाच-पाच, तिच्या मैत्रिणीच्या भावकीतल्या एका सुनेला दहा, बाकीच्या नऊ राखेच्या डब्यात. मी हात पुढे केला. म्हटलं, आत्या, मला?

"तुला कशाला? तुजी गॅलरी उत्तरंला हाय."